स्नोशूंचे श्रेय लष्कराला देऊ नका

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या लष्करी वस्तूंवरच्या लेखासोबत लाकडी स्नोशूंचे, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद जाळीदार चौकटींचे, छायाचित्र होते. त्याखाली ‘दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने शोधलेले साधन’ असे छापले आहे. ते चूक आहे.

मी सांगलीचा. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचो, आता निवृत्त. सध्या मुलीकडे व्हरमाँटला आलो आहे. शेजाऱ्यांकडे असाच एक जोड आहे, लाकडावर ‘यू. एस.’ आणि 1943 असा छाप. त्यांनी तो हौसेने हातात दिला. अ‍ॅश नावाच्या झाडाच्या सरळ रेषांच्या लाकडाची पट्टी वाफेवर वाकवून चौकट केलेली. आडव्या पट्ट्या कुसू (खाचेत बसणारे टोक) काढून बसवलेल्या. मधली वीण कच्च्या कातड्याच्या वादीची. ती ओली असतानाच विणायची, वाळली की आवळते. पुन्हा भिजली तर पावसाळ्यात तबला उतरावा तशी सैल पडते, म्हणून वर व्हार्निशचा हात. पुढच्या बाजूला विणीत मुद्दाम मोकळी जागा सोडली आहे. टाच उचलली की बुटाचे टोक तिथून खाली उतरते, त्यामुळे पाऊल मोडून चालता येते. लष्कराचा लांब नमुना 10 इंच रुंद, 58 इंच लांब. मागची शेपटी बर्फावर घासत राहते आणि जोडा भरकटत नाही. काय काम आहे हो!

ही विद्या क्री, वेंडॅट, अल्गाँक्विन या उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची. गोरे लोक ती त्यांच्याकडून शिकले. जानेवारी 1757 मध्ये इथून जवळच, न्यूयॉर्क राज्यातल्या टायकाँडरोगाच्या जंगलात, इंग्रजांकडून लढणाऱ्या रॉबर्ट रॉजर्सची स्नोशू घातलेली तुकडी फ्रेंचांच्या तावडीत सापडली. फ्रेंच संख्येने जास्त होते, पण त्यांच्या पायांत स्नोशू नव्हते. ते गुडघाभर बर्फात रुतत राहिले आणि रॉजर्सचे बरेच लोक निसटले. दुसऱ्या महायुद्धात कोलोरॅडोतल्या कॅम्प हेल या तळावर अमेरिकी लष्कराच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनने (डोंगरी लढाईच्या दलाने) बर्फातल्या लढाईचा सराव केला, तो त्यानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी. लष्कराने मापे ठरवली आणि कारखान्यांतून हजारो जोड करून घेतले, एवढेच. पुढे चौकट मॅग्नेशियमची आणि वीण पोलादी तारेची झाली, तरी रचना तीच राहिली.

दुरुस्ती छापताना या लोकांचा नावाने उल्लेख करावा. ‘रेड इंडियन’ असे मोघम लिहू नये, ही विनंती.

— एक वाचक, सांगली (सध्या व्हरमाँट, अमेरिका)