नाट्यगृहांत साथीदारांची जागा राखावी

महोदय,

ठिकठिकाणच्या नाट्यगृहांच्या नूतनीकरणाच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचनात येतात. वातानुकूलन, नव्या खुर्च्या, नवी ध्वनियंत्रणा, वाहनतळ असा तपशील त्यांत असतो आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार असणार नाही. मात्र आमच्या भागातील एका नाट्यगृहाचे काम पूर्ण झाल्यावर, रंगमंचासमोर साथीदारांना बसण्यासाठी असलेला पीट, म्हणजे खोलगट जागा, झाकून तेथे खुर्च्यांची आणखी एक रांग मांडलेली दिसली. मी हौशी मंडळांच्या संगीत नाटकांना बरीच वर्षे ऑर्गनची साथ करतो. या बदलाने नेमके काय बिघडते, हे नाट्यगृहांची कामे ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचावे यासाठी हे पत्र लिहीत आहे.

संगीत नाटकातील पद मैफलीतल्यासारखे सुरू होत नाही. नट गद्य बोलत असतो, त्याच वाक्याच्या शेवटाला ऑर्गनवर हलकेच षड्ज, म्हणजे ‘सा’, धरावा लागतो, आणि बोलण्यातला भाव न तुटता नट त्या सुरावर गाण्यात शिरतो. सूर आधी दिला तर वाक्याला धक्का लागतो, उशिरा दिला तर नट चाचपडतो. व्यावसायिक नट एक वेळ हे सांभाळून घेईल. हौशी मंडळात गाणारा दिवसा बँकेत किंवा शाळेत नोकरी करून संध्याकाळी तालमीला आलेला असतो, प्रयोगाच्या रात्री त्याला धाकधूक असते, आणि त्या भरात तो एखादे वाक्य गाळतो, ठरलेला आलाप सोडून थेट अंतऱ्यावर जातो किंवा रंगात येऊन तान लांबवतो. हे सगळे आधी त्याच्या चेहऱ्यावर आणि श्वासावर दिसते. साकी-दिंडीसारख्या छंदांत तर शब्दाच्या ओघात तो कुठे थांबेल, हे तालमीत ठरवूनही पक्के ठरत नाही. साथीदाराची नजर गायकाच्या तोंडाकडे असेल तरच त्याला सावरून घेता येते, आणि प्रेक्षकांना काही झाल्याचे कळतही नाही.

तबलजीचे काम याहून अवघड. स्त्री पात्र काळी चार किंवा पाचमध्ये (पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणार आणि पुढच्याच प्रवेशात पुरुष पात्र काळी एकमध्ये, म्हणून शेजारी दोन-तीन दायाँ, म्हणजे उजव्या हाताने वाजवायचे तबले, वेगवेगळ्या सुरांत लावून ठेवावे लागतात. कोकणातल्या दमट हवेत ते उतरतात, वातानुकूलन सुरू झाले की चढतात, आणि गद्य प्रवेश चालू असताना, संवादाला अडथळा न होईल अशा बेताने, हातोडीने ते पुन्हा सुरात आणावे लागतात. ऑर्गनचीही तीच तऱ्हा आहे. पावसाळी हवेत एखादा सूर चिकटून बसला, तर तो टाळून बोटे कशी फिरवायची याचा विचार वाजवता वाजवताच करायचा असतो.

पीट नसेल तर ‘विंगेत बसा’ असे सांगितले जाते. विंगेतून गायकाची पाठ किंवा फार तर एक गाल दिसतो, शिवाय नेपथ्य बदलणाऱ्यांची ये-जा ऑर्गन आणि आमच्यामधूनच चालते. समोर छोटा पडदा लावून रंगमंच दाखवण्याची सोय काही ठिकाणी सुचवली जाते; त्यात अख्खा रंगमंच दिसतो, चेहरा दिसत नाही.

दुसरा उपाय ध्वनिमुद्रित ट्रॅकचा. साथीदारांचे मानधन, ऑर्गन नेण्या-आणण्याचा टेम्पो आणि माणसे जमवण्याची दगदग पाहता लहान मंडळे ट्रॅककडे का वळतात, हे मला समजते आणि त्यांना दोष देण्याची इच्छा नाही. ऑर्गनऐवजी कीबोर्ड आणला तरी माझी हरकत नाही, कारण तोही माणूसच वाजवतो. पण ट्रॅक गायकासाठी थांबत नाही आणि प्रेक्षकांनी वन्समोअर दिला तर त्याला उत्तर देता येत नाही. वन्समोअर मिळाल्यावर नट तेच पद पुन्हा त्याच हरकती घेऊन गाईलच असे नाही. प्रेक्षक वन्समोअर देतात तो बहुधा काही वेगळे ऐकायला मिळेल म्हणूनच.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर साथीदाराला मान आहे. ‘संगीत मानापमान’ला १९११ मध्ये चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला बसत. आजही राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत नाटकांच्या निकालात ऑर्गन आणि तबल्याच्या साथीसाठी पारितोषिके असतात. म्हणजे शासन एका हाताने साथीला बक्षीस देते आणि नाट्यगृह बांधताना साथीदाराला बसायला जागा ठेवायचे राहून जाते. देवळापुढे मंडप घालून होणाऱ्या दशावताराकडे पाहावे. तेथे पेटी, पखवाज आणि झांज घेतलेली मंडळी रंगमंचाच्या कडेलाच, पात्रांच्या आणि प्रेक्षकांच्या देखत बसतात. ज्या मंडपाला वास्तुविशारद लागत नाही तेथे जे साधते, ते कोट्यवधींच्या नाट्यगृहात साधू नये याचे नवल वाटते.

मागणी फार मोठी नाही. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांची नजर न अडवता ऑर्गन आणि तबला मावेल एवढी खोलगट जागा ठेवावी. तेथे झाकलेला दिवा, ध्वनिक्षेपकासाठी जोडणी आणि ऑर्गन उतरवता येईल असा उतार असावा. संगीत नाटक नसेल तेव्हा या जागेवर फळ्या टाकून खुर्च्या मांडता येतील, म्हणजे उत्पन्नही बुडणार नाही. जेथे आराखडे अद्याप मंजूर व्हायचे आहेत, तेथे संबंधित नगरपालिका व महानगरपालिकांनी ते अंतिम करण्यापूर्वी स्थानिक हौशी मंडळांतील एखाद्या गायक नटाला आणि दोन साथीदारांना बोलावून जागेवर एक पद म्हणवून पाहावे. आमच्या नाट्यगृहातही ती पुढची रांग काढता येण्याजोगी करणे अजून शक्य आहे, कारण पीट केवळ वरून झाकलेला आहे, असे काम करणाऱ्या कारागिरांनी सांगितले.

आपला विश्वासू,
एक हौशी ऑर्गनवादक