सूचना : मुलांची उंची-वजन नोंद आणि बीएमआय

सर्व प्रशिक्षक व मदतनीसांसाठी. येत्या शनिवारी सरावाआधीच मोजमाप करायचे आहे.

उंची घेताना बूट काढायचेच, मुलींची वर बांधलेली वेणी सोडायची. टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर पट्टी काटकोनात. हा आग्रह उगाच नाही. बीएमआय म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १० वर्षांचा मुलगा, वजन ४० किलो, उंची १३८ सेंमी : ४० ÷ (१.३८ × १.३८) = २१.०. बुटासकट १४१ लिहिले की तोच २०.१ होतो, कारण उंचीचा वर्ग होतो.

आता हा २१ मोठ्या माणसाला उत्तम. दहा वर्षांच्या मुलाला मात्र जादा वजनाचा. म्हणून ५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५ चा तक्ताच वापरा, मुलामुलींचा वेगळा. त्यातल्या '२३' (जादा वजन) आणि '२७' (लठ्ठपणा) या रेषा प्रौढांच्या आकड्यांशी जुळवलेल्या आहेत. मुलाचा बीएमआय थेट २३ शी ताडू नका. वय जन्मतारखेवरून, महिन्यांसकट.

बीएमआय चरबी मोजत नाही. वयात येताना मुलींची चरबी वाढते, मुलांचे स्नायू. कबड्डीतला दणकट पोरगा '२३' च्या रेषेच्या वर गेला तर आधी कंबर मोजा. ती उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर डॉक्टरांकडे पाठवा. चरबी दाखवणारा वजनकाटा आणू नका : घाम गेला, पाणी प्यायले की आकडा हलतो.

आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत. फक्त पालकांना, बंद पाकिटात. डाएट कुणी सुचवू नये.