दिवाळी पुण्यात कर, गड्ड्याला सगळे या

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

"यंदा दिवाळीला नाही आले तर चालेल का गं?" असं विचारलंस आणि मी काही बोलायच्या आत "बघते, रजेचं कळवते" म्हणून फोन ठेवलास. मला रजेचं कारण नको सांगूस. मोठ्या काकांकडे लक्ष्मीपूजनाला तुला यायचं नाही, तुझ्या त्या दोघी मैत्रिणी आणि वरच्या मजल्यावरचा मुलगा यांच्याबरोबर दिवाळी करायची आहे. कर. फोनवर आपण दोघी रडत बसतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहिते आहे.

गेल्या दिवाळीत फराळाला बसल्यावर तुला काय काय विचारलं ते मी ऐकलंय. "थोडं सोसायचं होतंस", "आता पुढे काय", आणि वर "आपले म्हणून विचारतो हं". तू अर्धी चकली ताटात ठेवून गच्चीवर गेलीस. घटस्फोट हा चार माणसांत चघळायचा विषय नव्हे. यंदा ताई येणार नाही, आणि का येणार नाही, हे मी काकूंना आधीच सांगितलंय. त्यांना राग आला. येऊ दे. ते माझं मी निस्तरेन, तू त्याचं ओझं घेऊ नकोस.

तुला डेंगी झाला तेव्हा आम्ही मिळेल त्या गाडीने पुण्याला निघालो. पोचलो तोवर दवाखान्याच्या फॉर्मवर मैत्रिणीने बहीण म्हणून सही केली होती आणि तो मुलगा प्लेटलेट्ससाठी रक्तपेढीत उभा होता. त्या रात्रीनंतर ही माणसं तुझी कोण लागतात, असं मी कधी विचारलं नाही.

मला यात नवल वाटत नाही, त्याचं कारण आपली शेजारची अक्का. मी लग्न होऊन साखर पेठेत आले तेव्हा मला तेलुगू येत नव्हतं आणि तिचं मराठी तोडकंमोडकं. तू झालीस, बाबांची मिलची नोकरी सुटली, घरात तिसरं माणूस नाही. अक्का मांडीवर सूप घेऊन आमच्या दारात विड्या वळत बसायची. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, हात थांबत नसत. आणि पायाच्या अंगठ्याला तुझ्या पाळण्याची दोरी. मला तासभर झोप मिळावी म्हणून. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला की आधी तुझ्या बाबांना राखी बांधायची आणि मगच रथाला जायची. बाबांना सख्खी बहीण नाही, हे मला कितीतरी वर्षं जाणवलंच नाही.

पण एक गोष्ट मनापासून सांगते. नातेवाईक एका बाजूला आणि मित्र दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करू नकोस. माणूस बघ. तुझं सामान आणायला रात्रीचा टेम्पो घेऊन कोण गेलं होतं? मोठ्या काकांचाच मुलगा. एक प्रश्न विचारला नाही, कपाट एकट्याने उतरवलं आणि सकाळी कामावर गेला. काकांच्या घरी जायचं नाही म्हणून दादाची ओवाळणी बुडवायची नाही. भाऊबीजेला त्याला पुण्याला बोलाव. मी विचारलंय, येतो म्हणालाय.

आणि मैत्रिणींना घरचं मानलंस तर घरच्यासारखं निभावायचंही. एखादीच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं तर तुझी रजा पडणार, हे धरून चाल. दिवाळीच्या चार पणत्या लावायला कुणीही येतं.

आता माझं मागणं. दिवाळी तुमची, पण गड्डा माझा. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला सगळ्यांना घेऊन ये. हुतात्मा एक्स्प्रेसने आलात तर गाडीचं हे नाव कुणामुळे आलं ते त्यांना सांग. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. जात, धर्म सगळं वेगळं, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघे एकाच दिवशी फासावर गेले. सोलापूरचं पोर पुण्यात राहतं आणि तिच्या घरच्यांना हे ठाऊक नाही, असं नको.

भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षतांना जाऊ. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागलं, त्याचा हा सोहळा. सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या येतात, मान वेगवेगळ्या समाजांचे. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर, आणि लाखभर हातांतून एकदम उडालेल्या अक्षता. तिथे सगळं गाव वऱ्हाडी असतं, कुणी कुणाचं नातं विचारत नाही. तुझ्या मैत्रिणींनाही विचारणार नाहीत. घरी बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, दुसऱ्या दिवशी शेंगापोळी. अक्का आता विड्या वळत नाही, पण शेंगाचटणी तीच कुटणार म्हणते.

चकल्या आणि शेंगदाण्याचे लाडू धनत्रयोदशीच्या आधी ट्रॅव्हल्सने पाठवते, स्वारगेटला कुणीतरी उतरवून घ्या. त्या मुलाला तिखट सोसत नाही म्हणालीस, म्हणून एक डबा कमी तिखटाचा आहे, झाकणावर खूण केली आहे.

गड्ड्याला नक्की किती जण येताय ते डिसेंबरातच कळव. दोन गाद्या अक्काकडून आणायच्या आहेत आणि तिच्याकडेही त्या दिवसांत पाहुणे असतात.

तुझी,
आई