फाइलमधल्या एका ओळीबद्दल आभार

प्रिय ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही आणि ते विचारण्याचा अधिकारही मला नाही. तुम्ही जन्म दिलेला मुलगा आता दहा वर्षांचा आहे आणि मी त्याची आई आहे. पत्ता नसल्यामुळे हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. दत्तकविधानाच्या कागदपत्रांत तुमच्या सांगण्यावरून केलेली एक नोंद आहे: दिवस गेल्याचं कळण्याआधी आणि नंतरही काही काळ तुम्ही दारू घेत होतात. ही नोंद करू दिलीत, म्हणून तुमचे आभार मानायचे आहेत.

ते सांगणं तुम्हाला किती जड गेलं असेल, याचा विचार मी खूपदा करते. गप्प राहिला असतात तर कुणालाही कधी कळलं नसतं.

पण मग त्याचं काय झालं असतं? तो शाळेत जायला लागला आणि अडचणी दिसू लागल्या. तो छान, भरभर बोलतो, त्यामुळे त्याला सगळं समजतं असंच लोक धरून चालायचे. प्रत्यक्षात काल तोंडपाठ असलेलं आज कोरं व्हायचं. एकानं त्याला चंचल म्हटलं, दुसऱ्यानं हट्टी. एका शाळेनं घरच्या लाडांवर बोट ठेवलं. शेवटी एका बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांनी विचारलं, ‘गरोदरपणाबद्दल काही माहिती आहे?’ आणि आमच्याकडे उत्तर होतं. फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर (एफएएसडी), म्हणजे गर्भात असताना दारूच्या संपर्कामुळे मेंदूला होणारी इजा, हे निदान त्यानंतर झालं.

या निदानासाठी रक्ताची कुठली सोपी तपासणी नाही. डोळ्यांच्या आखूड फटी, नाकाखालची सपाट झालेली खळगी आणि पातळ वरचा ओठ या तीन खुणा ओळखीच्या मानल्या जातात, पण त्या थोड्याच मुलांमध्ये दिसतात. चेहरा गर्भारपणाच्या अगदी सुरुवातीला घडतो, मेंदू मात्र पूर्ण नऊ महिने घडत राहतो. आपल्या मुलाच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. अशा वेळी गर्भात असताना दारूचा संपर्क आला होता याची खात्रीशीर माहिती लागते. कॅनडाच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. ती माहिती जगात फक्त तुमच्याकडे होती.

या निदानामुळे घरातलं वागणं बदललं. आता आम्ही त्याला एका वेळी एकच काम सांगतो, तेही थोडक्या शब्दांत. सकाळी उठल्यापासूनचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावला आहे. ‘थोड्या वेळानं’ म्हणजे किती, हे त्याला उमगत नाही, म्हणून वेळ डोळ्यांना दिसेल असं घड्याळ वापरतो. गर्दी, गोंगाट, कपड्याच्या आतली टोचणारी पट्टी यांनी तो आतून थकतो, आणि मग ज्याला लोक आकांडतांडव म्हणतात ते सुरू होतं. त्या क्षणी बोलणं थांबवून त्याला शांत जागी नेणं एवढंच उपयोगी पडतं. शिक्षेचा उपयोग होत नाही, कारण केलेली गोष्ट आणि तिचा परिणाम यांची सांगड घालणं हेच त्याच्या मेंदूला अवघड जातं. एका प्रसंगातून शिकलेलं दुसऱ्या प्रसंगात आपोआप वापरता येत नाही, ते तिथे पुन्हा शिकवावं लागतं.

त्याच्या ‘खोटं बोलण्या’बद्दलही सांगते, कारण त्यापायी त्यानं फार बोलणी खाल्ली आहेत. आठवणीत जिथे भोक असतं, तिथे त्याचा मेंदू काहीतरी जुळवून ठेवतो आणि त्याला ते खरंच घडलंय असं वाटतं. फसवण्याचा हेतू त्यात नसतो. हे कळल्यापासून त्याच्या शिक्षिका त्याला ‘असं का केलंस?’ असं विचारत नाहीत. काय झालं ते दोघं मिळून चित्र काढत शोधतात.

सिएटलच्या मानसशास्त्रज्ञ ॲन स्ट्रायसगुथ यांनी अशा मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. लवकर झालेलं निदान आणि स्थिर, मायेचं घर यांमुळे पुढची शाळा सुटणं, कायद्याच्या कचाट्यात सापडणं अशी संकटं कमी होतात, असं त्यांना दिसलं. घर देण्याचा प्रयत्न आम्ही करतो आहोत. लवकर निदान तुमच्यामुळे मिळालं.

लोक तुम्हाला दोष देतील, मी देत नाही. दारू वारेतून थेट बाळापर्यंत जाते आणि बाळाचं कोवळं यकृत ती पचवू शकत नाही, हे खरं आहे. गरोदरपणात तिचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही, हेही खरं आहे. पण वैद्यकशास्त्रात या आजाराचं पहिलं नाव १९७३मध्ये रुजू झालं आणि आजही कित्येक डॉक्टर त्याबद्दल विचारत नाहीत. दिवस गेल्याचं अनेकींना पहिले काही आठवडे कळतच नाही. व्यसन लागलेल्या बाईला मदतीऐवजी लाज दिली, तर ती लपवते आणि मुलं निदानाविना राहतात. तुम्ही लपवलं नाहीत.

तो कसा आहे, हे तुम्हाला कदाचित जाणून घ्यावंसं वाटेल. मेंदूला झालेली इजा आयुष्यभराची आहे, पण ती वाढत जाणारी नाही. प्राण्यांशी त्याचं विलक्षण जमतं, लहान मुलांना तो जपून खेळवतो, हातानं वस्तू जोडण्यात तासन्‌तास रमतो. पैशांचा हिशेब, वेळ सांभाळणं यांसाठी त्याला मोठेपणीही सोबत लागेल आणि त्याची तयारी आम्ही आतापासून करतो आहोत. आपला मेंदू वेगळ्या रीतीनं चालतो हे त्याला माहीत आहे. तुमच्याबद्दल त्यानं विचारलं तेव्हा मी सांगितलं की तुझ्या त्या आईनं तुझ्यासाठी एक अवघड गोष्ट खरी खरी सांगितली.

एक विनंती आहे. तुम्हाला आणखी मुलं असतील आणि त्यांच्यातल्या कुणाला अशाच अडचणी येत असतील, तर त्यांच्या डॉक्टरांनाही हे सांगा. सोबत कुणी हवं असेल, तर दत्तकसंस्थेमार्फत माझ्यापर्यंत निरोप पोहोचवा, मी येईन.

तुमची ऋणी,
त्याची आई