कन्व्हर्टर विकताना एवढं तरी सांगा

संपादक महोदय,

डिचोलीत आमचा छोटा काजू कारखाना आहे. वजनकाट्याचा आरएस-२३२ पोर्ट (वजनाचे आकडे तारेने बाहेर पाठवणारी जुन्या पद्धतीची जोडणी) संगणकांच्या नेटवर्कला जोडायला मी स्वस्तातला कन्व्हर्टर घेतला. मे अखेरच्या गडगडाटात तो जळाला आणि काट्याचा पोर्टही घेऊन गेला. ऐन बिया येण्याच्या दिवसांत चार दिवस वजनं वहीत लिहिली.

आताच्या कन्व्हर्टरला आयसोलेशन (दोन्ही बाजूंचे विजेचे मार्ग एकमेकांपासून अलग) आणि सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या अचानक झटक्यापासून संरक्षण) आहे. वीजपुरवठ्याची तार स्क्रूने आवळलेली, त्यामुळे यंत्रांच्या थरथरीने सुटत नाही. वीज जाऊन आली की काटा आपोआप जोडला जातो. आरएस-२३२ साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाचं, लांबच्या काट्याला आरएस-४८५ ही लांब तारेवर चालणारी जोडणी लागते. हे मला दुकानात कुणीच सांगितलं नव्हतं. दुकानदारांनी ते किमतीआधी सांगावं, ही कळकळीची विनंती.

– एक काजू कारखानदार, डिचोली