आपलाच शोधनिबंध, आपल्यालाच कुलूप

संपादक महोदय,

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीवर माझा शोधनिबंध गेल्या वर्षी छापून आला. ज्या काकांच्या वावरात मी कामगंध सापळे लावले होते, त्यांनी परवा एक बोंड नखाने उकलून आतली किडकी सरकी दाखवली आणि विचारले, "सर, तुमी लिवलं ते आमाले वाचाले भेटन का?" फोनवर लिंक उघडली, तर नियतकालिकाने पैसे मागितले. फार लाज वाटली. कॉपीराइट हस्तांतराच्या कागदावर सही मीच केली होती, तीही न वाचता.

मग करार नीट वाचला. छापील पीडीएफ वाटता येत नाही, पण परीक्षकांच्या सूचनांनंतर स्वीकारली गेलेली माझी वर्डमधली प्रत काही महिन्यांनी महाविद्यालयाच्या डिजिटल संग्रहात खुली ठेवता येते. अनेक मोठे प्रकाशक एवढी मुभा देतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे २०१३ चे मुक्त प्रवेश (म्हणजे संशोधन सर्वांना मोफत वाचता यावे असे) धोरणही आपल्या संशोधकांकडून हेच मागते. सरकारी खर्चाने संशोधन नियतकालिके वाचायला देणाऱ्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्राच्या योजनेचा लाभ सरकारी संस्थांतल्यांना, शेतकऱ्याला नाही.

विद्यापीठांनी पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये हे करार वाचायला शिकवावेत. काकांसाठी मी मराठी सारांश लिहायला घेतला आहे.

– एक प्राध्यापक, दारव्हा (जि. यवतमाळ)