ओहोटीची वेळ बघून निघा

प्रिय काकू,

सादर नमस्कार.

हे सगळं तुमच्या स्वयंपाकघरात बसून सांगता आलं असतं. पण तिथे तुम्ही मला बोलू देत नाही. "आभार कसले मानतेस" म्हणता आणि पुढ्यात पोह्यांची बशी सरकवता. शिवाय आम्ही परत आल्यापासून मंडळातल्या तिघींनी मला विचारलं, की दोघांनीच जायचं तर इंग्लंडात कुठे जावं? तिघींना वेगवेगळं सांगण्यापेक्षा तुम्ही मला कसं सांगितलंत तेच लिहून काढावं, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

लग्नाला 20 वर्षं होणार होती आणि आम्ही दोघंच असे एकदाच कुठे गेलो होतो, दहाव्या वाढदिवसाला. ती सहल आठवली की आजही पोटात गोळा येतो. तीन दिवसांत चार गावं, सगळा वेळ गाडीत, एका हॉटेलात खोलीच तयार नव्हती आणि परतीच्या वाटेवर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. म्हणून या वेळी मी कसून तयारीला लागले होते. तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या वहीत अकरा ठिकाणं होती. लेक डिस्ट्रिक्ट, कॉट्सवोल्ड्स, बाथ, एडिंबरा, यॉर्क आणि काय काय. प्रत्येकापुढे हॉटेलचे दर आणि पाहण्याच्या जागा.

तुम्ही वही मिटून बाजूला ठेवलीत आणि दोनच गोष्टी विचारल्यात. गाडी कोण चालवणार? आणि तुम्ही दोघं शेवटचे निवांत बोलत कधी बसला होतात?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. तुम्हीही ते मागितलं नाहीत. ती शांतता मी विसरणार नाही, काकू. मी इतके दिवस जागा शोधत होते आणि तुम्ही मला आमच्याबद्दल विचारत होता.

मग वहीतली नावं एकेक करून गळायला लागली. कॉट्सवोल्ड्सची गावं मधाच्या रंगाच्या दगडाची, देखणी. पण गाडीशिवाय एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर दिवस जातो, आणि बिबरीसारख्या नावाजलेल्या गावात दुपारी पर्यटकांची रीघ लागते. बाथ सुंदरच, पण आपल्या रेडिंगहून रेल्वेने तासाभरावर. तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, त्यासाठी चार दिवस कशाला घालवायचे? एडिंबराला ऑगस्टच्या महोत्सवात पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव ऐकवत नाहीत. लेक डिस्ट्रिक्टपाशी मात्र तुम्ही थांबलात. तुमचा तो जिव्हाळ्याचा मुलूख. काकांबरोबर तुम्ही ग्रासमिअरला किती वेळा गेलात ते सांगितलंत. बॉरोडेल खोऱ्यातलं सीथवेट हे इंग्लंडातलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला 3500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही सांगितलात. आणि शेवटी म्हणालात, "अगं, अलिबागच्या माणसाला डोंगरात काय नेतेस? त्याला समुद्राकडे ने. पेन्झन्सला जा, एकाच खोलीत राहा आणि गाडी घरी ठेव."

रेल्वेच्या तिकीट खिडकीवर तुम्ही काढलेली सगळी वर्षं मग आमच्या कामी आली. ब्रिटनमध्ये रात्रीच्या झोपायच्या गाड्या आता दोनच उरल्यात, एक स्कॉटलंडची आणि दुसरी पॅडिंग्टनहून पेन्झन्सला जाणारी नाईट रिव्हिएरा. ती शनिवारी रात्री सुटत नाही, म्हणून आमची रविवारची रात्र तुम्ही ठरवलीत. रेडिंगला ती थांबते, पण मध्यरात्र उलटून गेल्यावर. फलाटावर गारठत उभं राहण्यापेक्षा उलट लंडनला जा, गाडी सुटायच्या बऱ्याच आधी डब्यात बसू देतात, आपल्या केबिनमध्ये पाय पसरून गाडी हलायची वाट बघा, हा तुमचा सल्ला. दोघांचं रेलकार्ड तुम्हीच काढायला लावलंत. त्याचं नावच 'टू टुगेदर'. भाड्यात एक तृतीयांश सूट, पण कार्डावरची दोन्ही माणसं एकत्र प्रवास करत असतील तरच; एकट्याला ते चालत नाही. आणि मे महिन्याचा दुसरा आठवडाही तुमचाच, कारण महिनाअखेर शाळांना सुट्टी लागली की कॉर्नवॉल, म्हणजे पेन्झन्सचा सगळा परगणा, भरून जातं.

केबिन इवलीशी होती. खाली एक बर्थ, वर एक बर्थ, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं. नवरा वर चढला आणि म्हणाला, "कोकणकन्येत बसल्यासारखं वाटतंय." तुम्ही दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही पॅडिंग्टनच्या फलाटावर गाडी उभी असतानाच संपवली. हे स्टेशन 1854 साली ब्रुनेल या इंजिनिअरने उभं केलं. हे नाव मी मुद्दाम लिहितेय, ते पुढे पुन्हा येणार आहे.

पहाटे जाग आली ती रूळांचा आवाज बदलला म्हणून. खिडकीचा पडदा सारला तर आम्ही टेमार नदीवर होतो, खूप उंचावर. खाली नांगरलेल्या होड्या, पाण्यावर धुकं, आणि गाडी अगदी संथ. हा रॉयल अल्बर्ट पूलही ब्रुनेलचाच, 1859 सालचा. ज्या वर्षी पूल खुला झाला त्याच वर्षी तो गेला. पुलाच्या तोंडावर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत कोरलंय. त्या पुलापलीकडे कॉर्नवॉल सुरू होतं. आम्ही दोघं खालच्या बर्थवर बसून खिडकीला नाक लावून बघत होतो. मुलं बरोबर असती तर मी त्या वेळी कुणाचे तरी मोजे शोधत असते.

पेन्झन्स जवळ आलं की डाव्या हाताला समुद्र येतो आणि त्यात सेंट मायकल्स माउंट हा बेटावरचा किल्ला उभा दिसतो. नवरा एकदम म्हणाला, "अगं, हा तर कुलाबा किल्ला!"

काकू, तुम्हाला हे माहीत होतं ना? म्हणूनच चिठ्ठीवर सगळ्यात वर लिहिलं होतंत, 'ओहोटीची वेळ बघून निघा'.

बॅगा हॉटेलात टाकून आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने त्या बेटासमोरच्या मॅराझायन गावापर्यंत चालत गेलो. पाचेक किलोमीटर, सगळी सपाट वाट, माझ्या गुडघ्याने एकदाही तक्रार केली नाही. वेळ बघूनही आम्ही लवकरच पोचलो. बेटाकडे जाणारी दगडी वाट अजून पाण्याखाली होती. होडीने जाता आलं असतं, पण आम्ही बसून राहिलो. पाणी मागे सरकताना बघायला किती वेळ लागतो, आणि तो वेळ किती बरा वाटतो! आधी एक ओला दगड चमकला, मग दोन, मग मधेच एक लाट येऊन ते पुसून गेली. अर्ध्या तासाने अख्खी वाट वर आली आणि अनवाणी पोरं त्यावरून धावत सुटली. ओहोटीच्या आजूबाजूचे साधारण चार तास ती मोकळी असते.

तिथे बसलेलो असताना नवऱ्याने मला एक गोष्ट सांगितली. आमचा साखरपुडा झाल्यावर मी आत्याबरोबर अलिबागला गेले होते. तो मला कुलाबा किल्ला दाखवायला घेऊन गेला. मोठी माणसं किनाऱ्यावरच थांबली. ओहोटीत चालत गेलो, गणपतीचं दर्शन घेतलं, तटावर बसलो, आणि परत निघतो तर सगळीकडे पाणी! मग होडीची वाट बघत दोन तास बसावं लागलं. ते दोन तास आम्ही पहिल्यांदा मनमोकळं बोललो. मी पुण्याची, मला भरतीचं काय कळणार? आत्या रागावली तेव्हा तो म्हणाला होता, "वेळ चुकली." आणि आता, 20 वर्षांनी, त्या परक्या समुद्राकडे बघत म्हणतो, "मला वेळ माहीत होती. कोळीवाड्याशेजारी वाढलेल्या माणसाची भरतीची वेळ चुकेल का?"

मी रडले, काकू. हसले आणि रडले. शेजारच्या बाकावरच्या आजींनी मला कागदी रुमाल दिला.

सेंट आइव्ह्जला आम्ही एक दुपार गेलो. सेंट अर्थला गाडी बदलायची आणि उजव्या बाजूला बसायचं, हे तुमचं म्हणणं सगळ्यांनी ऐकावं. 1877 सालचा तो छोटा रेल्वेफाटा आहे आणि खाडी, वाळू, निळं पाणी असं सगळं खिडकीतच येतं. गाव गोड, पण गर्दी फार, आणि सीगल हातातलं खाणं पळवतात. तिथे पेस्टी खाल्ली. कडेला मुरड घातलेली मोठी करंजीच ती, आत चीज आणि कांदा. मूळची पेस्टी गोमांसाची असते, तेव्हा शाकाहारी माणसाने आधी विचारून घ्यावं.

पोर्थकर्नोबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. उघड्या टपाच्या बसने, दोन्ही बाजूंची झुडपं अंगाला घासतील अशा अरुंद रस्त्याने आम्ही तिथे गेलो. कड्यावर मिनॅक नाट्यगृह आहे. रोवेना केड नावाच्या बाईंनी दोन मदतनीस घेऊन ते खडकातून घडवलं. खालच्या किनाऱ्यावरची वाळू वर वाहून आणली, ओल्या सिमेंटवर स्क्रूड्रायव्हरने नक्षी कोरली, आणि हे काम त्या म्हाताऱ्या होईपर्यंत करत राहिल्या. पहिलं नाटक 1932 सालचं. लंडनच्या आपल्या महाराष्ट्र मंडळाचंही साल तेच. आम्ही दुपारी नुसतेच त्या पायऱ्यांवर बसलो. समोर रंगमंच, त्यामागे थेट समुद्र, आणि कड्यावर गुलाबी फुलांचे गुच्छ.

खाली किनाऱ्यावर एक पांढरी, बैठी खोली आहे. 1870 साली मुंबईहून निघालेली समुद्राखालची तार एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर, लिस्बन अशा टप्प्यांनी इथे वर आली. आधी ती फाल्मथ बंदरात आणायची होती, पण तिथल्या जहाजांचे नांगर तार तोडतील म्हणून हा आडबाजूचा किनारा निवडला. मुंबई ते एडनची तार ज्या जहाजाने टाकली ते 'ग्रेट ईस्टर्न', म्हणजे पुन्हा ब्रुनेल! जहाजातून जायला जे निरोप आठवडे घ्यायचे, ते मिनिटांत पोचायला लागले. 1997 साली फायबरची एक केबलही याच किनाऱ्यावरून मुंबईला जोडली गेली.

लग्नानंतर वर्षभरात नवरा इकडे आला आणि मी अकरा महिने पुण्यात होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा तो नाण्याने खरवडायची फोनकार्डं घ्यायचा. "तुमच्या खात्यात एक मिनिट शिल्लक आहे" असं ती बाई मधेच सांगायची आणि आम्ही दोघं घाईघाईने एकदम बोलायला लागायचो. त्या खोलीसमोर उभं राहून मला तेच आठवत होतं. तिथूनच आम्ही अलिबागला सासूबाईंना फोन लावला. "मागे समुद्राचा आवाज येतोय, कुठे आहात?" म्हणाल्या. नवरा म्हणाला, "आई, तुझ्याच समुद्राच्या दुसऱ्या टोकाला."

आणि हे सगळं होत असताना चार रात्री तुम्ही आमच्या घरी येऊन राहिलात. लेकीची परीक्षा तोंडावर, तिला पहाटे उठवलंत. धाकट्याचा हट्ट मोडून त्याला भेंडी खायला लावलीत. आम्ही फोन केला की "सगळं ठीक आहे, ठेवा आता" म्हणून दोन वाक्यांत बंद करायचात. तुमच्याही गुडघ्यांचं दुखणं आहे आणि आमच्या घराचे जिने उभे आहेत, हे मला परत आल्यावर सुचलं. आधी सुचायला हवं होतं.

दशम्यांचा डबा द्यायला शनिवारी सकाळी आम्ही दोघं येतो, चालत. डबा रिकामा नाही. त्यात कॉर्नवॉलची घट्ट साय आणि स्कोन आहेत, शेजारी सासूबाईंनी पाठवलेला मुरांबा. तिकडे आधी जॅम लावतात आणि वर साय, शेजारच्या डेव्हनमध्ये नेमकं उलटं. आपण कसं खायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची,
वहीवाली